पीठ, तवा आणि काडेपेटी : किल्लारीच्या भूकंपातून सेवेचा अभ्यास

आजच्या पाठासाठी आपण एक घडलेली आपत्ती अभ्यासाला घेणार आहोत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर झालेला भूकंप. आपले अनेक वाचक महाराष्ट्राबाहेर, बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी राहतात. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांना किल्लारी हे नाव सांगावे लागत नाही. तरुण साधकांना मात्र सांगावे लागते, म्हणून थोडे तपशिलात जातो. हा पाठ लिहिताना ग्रंथांपेक्षा माझ्या स्वतःच्या चुकांचा आधार अधिक घ्यावा लागला आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

त्या पहाटे

मी तेव्हा सोलापुरात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक होती. आमच्या मंडळाचे लेझीम पथक मध्यरात्रीनंतर घरी परतले. डोळा लागतो न लागतो तोच खाट हलली आणि मांडणीवरची भांडी खाली आली. आईने हाका मारून सगळ्यांना उठवले. आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा सगळी गल्ली बाहेरच होती. शेजारच्या एका जुन्या भिंतीला तडा गेला होता, बाकी काही झाले नव्हते. उजाडेपर्यंत लोक ओट्यावर बसून राहिले, कोणी चहा केला, आणि कोण कसे धावत सुटले यावर हसणेही सुरू झाले. सकाळी बातम्या येऊ लागल्या, तेव्हा ते हसणे आठवून कोणी कोणाकडे बघेना.

किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे झोपेतच गाडली गेली होती. तिथेही आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते. दमून भागून माणसे घरात गाढ झोपलेली होती. रिश्टर मापनावर हा भूकंप ६.४ च्या आसपास होता. जगातल्या मोठ्या भूकंपांशी तुलना केली तर हा मध्यमच. पण त्याचे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते, आणि वर जी घरे होती ती तशी होती. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. इतर काही नोंदी हा आकडा दहा हजारांच्या जवळ नेतात. बावन्न गावे अशी होती, की ती पुन्हा त्या जागी उभी करण्याऐवजी दुसरीकडे वसवावी लागली.

तिसऱ्या दिवशी आम्ही वीस-बावीस जण एका ट्रकमधून निघालो. नळदुर्ग, उमरगा असे करत. उमरग्यापासून पुढे रस्ता गाड्यांनी भरलेला होता. त्यातल्या निम्म्या मदतीच्या आणि निम्म्या नुसत्या बघ्यांच्या असाव्यात. वरून पाऊस. लष्कराचे जवान ढिगारे उपसत होते. ज्या तुळया आणि खांब कालपर्यंत घर पेलून होते, तेच लाकूड चितांना लावले जात होते. ओल्या लाकडाचा धूर जमिनीलगत पसरत होता. यापुढचे वर्णन मी करत नाही. या पाठासाठी त्याची गरज नाही.

माझ्या तोंडून गेलेले एक वाक्य

सास्तूरच्या बाजूच्या एका गावात कडुलिंबाखाली एक बाई बसली होती. पस्तिशीची असेल. सासू आणि दोन मुले गेली होती. नवरा राखणीला शेतात झोपला होता म्हणून वाचला, आणि ती स्वतः कशी वाचली हे तिलाही सांगता येत नव्हते. मी तिच्यासमोर बसलो. काय बोलावे सुचेना. घरात, सत्संगात ऐकलेले वाक्य ओठांवर आले, "मावशी, देवाची इच्छा. त्याच्यापुढं कुणाचं काय चालतंय?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भाऊ, माझ्या लेकरांनी त्याचं काय वाकडं केलं होतं, तेवढं त्याला इचारून सांगा."

तिने हे रागाने म्हटले असते तर मी सुटलो असतो. तिने खरोखर विचारले होते. मी धर्माच्या बाजूने बोललो होतो ना, मग उत्तर माझ्याकडे असेल असे तिला वाटले. मी उठलो आणि ट्रककडे गेलो.

साधकांच्या तोंडी अशी वाक्ये फार सहज येतात. प्रारब्ध, कर्मभोग, ईश्वरेच्छा. या संकल्पना खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. स्वतःच्या दुःखाकडे पाहताना त्यांचा आधार वाटू शकतो. त्या बाईनेच पुढे कधी तसे म्हटले असते, तर तो तिचा अधिकार होता. दुसऱ्याच्या दुःखावर आपण तेच शब्द ठेवतो तेव्हा त्यांचा अर्थ बदलतो. तेव्हा ते "तुझे तू भोग" असे ऐकू येतात. आणि खरे सांगायचे तर, त्या वेळी ते वाक्य मी तिच्यासाठी उच्चारलेच नव्हते. समोरचे दुःख मला सहन होत नव्हते, म्हणून मी त्याला एक झाकण शोधले होते.

हा प्रश्न नवा नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. मुंगेर शहर उद्ध्वस्त झाले, हजारो माणसे गेली. महात्मा गांधी तेव्हा अस्पृश्यता निवारणासाठी दक्षिण भारतात दौऱ्यावर होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांना ते अजिबात पटले नाही. अस्पृश्यतेच्या विरोधात ते गांधीजींच्या बरोबरच होते, तरीही त्यांनी लेखी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, नीतीचा नियम आणि जमिनीचे हलणे यांची अशी सांगड घालता येत नाही, आणि आपल्या देशात अशा समजुती लोक चटकन स्वीकारतात म्हणून गांधीजींसारख्याने ते बोलणे अधिक घातक आहे. गांधीजींनी तो आक्षेप आपल्याच 'हरिजन' साप्ताहिकात छापला, उत्तरही दिले, आणि आपले मत सोडले नाही.

या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूला आहे. गांधीजींबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे आणि त्यांचा हेतू काय होता तेही कळते. सवर्णांनी अंतर्मुख व्हावे म्हणून ते बोलत होते, मेलेल्यांना दोष देण्यासाठी नव्हे. पण बिहारमध्ये ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांत अस्पृश्य मानली गेलेली माणसेही होतीच. शिक्षा म्हटली, की ती कोणाला झाली हे विचारावेच लागते, आणि त्या प्रश्नाला लागून कडुलिंबाखालची बाई येते. त्याच गांधीजींबद्दल दुसरी गोष्टही सांगायला हवी. मार्चमध्ये ते स्वतः बिहारला गेले आणि उद्ध्वस्त भागातून फिरले. राजेंद्रप्रसाद तुरुंगातून सुटताच मदतकार्याच्या कामाला लागले होते. मतभेद ज्या जागी होता तिथेच राहिला, पण काम थांबले नाही.

भिंत कोणी पाडली?

आपल्या परंपरेत दुःखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. आध्यात्मिक, म्हणजे स्वतःच्या देह-मनातून उठणारे. आधिभौतिक, म्हणजे इतर प्राणी आणि माणसे यांच्याकडून येणारे. आणि आधिदैविक, म्हणजे निसर्गाच्या शक्तींमुळे येणारे. भूकंप कुठे बसतो असे अभ्यासवर्गात विचारले, की सगळे एका आवाजात "आधिदैविक" म्हणतात. जमीन हलली एवढ्यापुरते ते बरोबर आहे. माणसे मात्र जमीन हलल्यामुळे मेली नाहीत. ती घराखाली मेली, आणि घर माणसाने बांधलेले असते.

मराठवाड्यातले जुने घर ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड घडवलेले नसलेले, जोडायला चिखल. भिंतीचा बाहेरचा थर वेगळा आणि आतला वेगळा, मधल्या पोकळीत बारीक दगड आणि माती. वर लाकडी खांब-तुळयांवर माळवद, म्हणजे मातीचे जाड धाबे. उन्हाळ्यात आत गारवा राहतो म्हणून माती जाड. पावसाळ्यात गळू नये म्हणून दर वर्षी वर आणखी थोडी. पिढ्यानुपिढ्या ते ओझे वाढत गेलेले. दोन्ही थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड घातलेले नसतील, तर हादऱ्याने दोन्ही थर फुगून एकमेकांपासून सुटतात आणि सगळी भिंत आत-बाहेर कोसळते. काही घरांत लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भोवतीच्या भिंती तेवढ्या गेल्या. गावाबाहेर कुडाच्या, पाचटाच्या हलक्या झोपडीत राहणाऱ्या गरिबांपैकी पुष्कळ जण वाचले. भक्कम वाड्यात झोपलेले गेले.

यात पाप कोणाचे? घर बांधणाऱ्याचे म्हणता येत नाही. त्याच्या आजोबानेही तसेच बांधले होते. कोयनेचा १९६७ चा भूकंप महाराष्ट्राला माहीत होता, पण हा भाग दख्खनच्या पठारावरचा, भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणलेला. १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात लहान धक्के आणि जमिनीतून गडगडाट जाणवले होते. लोक घाबरले, काही दिवस त्याची चर्चा झाली, मग सगळे शांत झाले. पुढे देशाचा भूकंप-नकाशा बदलला, २००२ च्या मानकांत सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच रद्द झाला आणि लातूरचा भाग वरच्या श्रेणीत गेला. म्हणजे चूक कोणा एका माणसाची नव्हती, तर अज्ञानाची होती. अज्ञान हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो आत्मज्ञानाच्याच संदर्भात. आरपार दगड न घालणे हेही अज्ञानच, आणि ते घालवणे हेही ज्ञानदानच आहे.

तीन दुःखांतले तिसरे, देह-मनातून उठणारे, मात्र भूकंपानंतर सर्वांत जास्त काळ राहिले. पाऊस वाजला तरी दचकून बाहेर पळणारी माणसे मी पाहिली. "मी वाचलो, ती का नाही" हा प्रश्न घेऊन वर्षानुवर्षे जगणारा एक बाप पाहिला. छपराखाली झोप येत नाही म्हणून थंडीतही अंगणात पडणारी म्हातारी माणसे होती. या दुःखाला आम्ही काहीच करू शकलो नाही. आम्ही त्या वेळी फार गडबडीत होतो.

पुऱ्या

आमच्या ट्रकमध्ये दोन गोष्टी होत्या. सोलापुरात गोळा केलेले जुने कपडे आणि रोज ताज्या करून पाठवल्या जाणाऱ्या पुरी-भाजीची पाकिटे. कपड्यांचे ढीग आम्ही गावाच्या तोंडाशी टाकले. पावसात ते भिजले, कुजले, जनावरांच्या पायाखाली गेले. त्यांत फाटके परकर होते, एकेकटे मोजे होते. ते देणाऱ्यांच्या घरातली अडगळ कमी झाली, एवढेच काम त्या कपड्यांनी केले. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस दानाचा विचार येतो. जागा, वेळ आणि माणूस न पाहता, मान न राखता दिलेले ते तामस. हा भाग मी शाळेत पाठ केला होता, पण त्याचा अर्थ मला त्या चिखलातल्या कपड्यांजवळ कळला.

पाकिटांचे म्हणाल तर पहिले दोन-तीन दिवस त्यांची गरज होती. चौथ्या-पाचव्या दिवशी मी त्याच मावशींना पाकीट द्यायला गेलो. त्यांनी ते घेतले नाही.

"ह्ये नगं. पीठ हाय का? ज्वारीचं?"

मी म्हणालो, "मावशी, तयार आहे की. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"तवा द्या एक. आन् काडेपेटी."

मला वाटले, पुरी आवडत नसेल. आमच्यातल्या एका वयस्कर कार्यकर्त्याला ते बरोबर कळले. तो उमरग्याला जाऊन ज्वारीचे पीठ, दोन तवे, काथवट, काडेपेट्या आणि मिठाची पुडी घेऊन आला. मावशींनी तीन दगड मांडले. ओली फाटी पेटता पेटेनात. धुराने डोळे भरले, त्या निमित्ताने रडणेही होऊन गेले असावे. पहिली भाकरी त्यांनी नवऱ्याला दिली, दुसरी त्या कार्यकर्त्याला, तिसरी मला. मी नको म्हणालो, तर त्या कार्यकर्त्याने माझ्याकडे असे काही पाहिले, की मी मुकाट्याने घेतली. संध्याकाळपर्यंत त्या चुलीभोवती आणखी चार बाया होत्या. कोणी पीठ मळत होती, कोणी नुसती बसून होती. आमच्या पाकिटांना त्या दिवशी गिऱ्हाईक कमी झाले, आणि मला, लाज वाटते सांगायला, त्याचे थोडे वाईटही वाटले.

पाच दिवस ती बाई फक्त घेत होती. पाणी, पाकीट, चादर, सांत्वन. भाकरी थापताना ती पुन्हा देणारी झाली. माणसाला अन्नाइतकीच ही गरज असते, आणि आपण सेवा करणारे नेमकी तीच त्याच्याकडून काढून घेतो, कारण देण्याचा आनंद आपल्याला एकट्याला हवा असतो. सेवेत अहंकार कुठे लपतो याबद्दल पुष्कळ बोलले जाते. माझा अहंकार त्या पाकिटात होता.

नवी गावे

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. बावन्न गावे नव्या जागी वसली, काही जुन्याच जागी उभारली गेली, आणि सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे काम हाती घेतले गेले. देशभरातून संस्था आल्या. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना पुण्याला शिक्षणासाठी नेले. ज्ञान प्रबोधिनीने हराळी गावात शाळेचे काम उभे केले, ते अजून चालू आहे. ही कामे मोठी आहेत, त्यांच्याबद्दल स्वतंत्र पाठ व्हावा.

नव्या गावांत मी पाच-सहा वर्षांनी गेलो. सरळ, रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, कुटुंबाकडे जमीन किती यावरून २५० ते ७५० चौरस फुटांची घरे. भिंती पक्क्या होत्या. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती, एका घरात फोडणी पडली की दुसऱ्याला कळे. इथे शेजारीण हाकेच्या पलीकडे गेली होती. मावशी म्हणाल्या, "घर चांगलं दिलं. पर संध्याकाळी कुणाच्या दारात बसायचं, ते इचारलं न्हाई कुणी." माणसे लांब अंतरावरच्या शेतात आणि जुन्या गावाच्या अवशेषांत ये-जा करत होती. देवळापाशी, पारापाशी थांबत होती. घरे मोजता येतात, म्हणून ती बांधली गेली. शेजार मोजता येत नाही.

जिथे लोकांना विचारले गेले तिथे चित्र थोडे निराळे होते. दुरुस्तीच्या गावांमध्ये स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' नेमले गेले. कालपर्यंत ग्रामसभेत पदर ओढून मागे बसणाऱ्या बायका घरोघर जाऊन सांगू लागल्या, की माळवदावरची माती किती कमी करायची, भिंतीत आरपार बांधणी कशी करायची, अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, सिमेंट कसे पारखायचे. त्यातून बचत गट उभे राहिले. आणि २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, भूज, भचाऊ, अंजार कोसळले, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका गुजरातमध्ये गेल्या. भाषा वेगळी, पदराची तऱ्हा वेगळी. पण ढिगाऱ्याजवळ बसलेल्या बाईला काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. कच्छमध्ये पुष्कळ कुटुंबांनी स्थलांतराऐवजी आपल्याच जागेवर, स्वतः लक्ष घालून घर बांधणे पसंत केले.

मावशींच्या नव्या घरामागे जुन्या गावातून आणलेल्या दगडांची एक खोली होती, शेळ्यांसाठी. मला भीती वाटली, पुन्हा तीच भिंत. मी काही बोलण्याआधीच त्यांनी भिंतीवर बोट ठेवून दाखवले. हातभर अंतरावर एक लांब दगड, या बाजूने त्या बाजूला आरपार. "संवादवालीनं सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "शेळ्या झाल्या म्हनून काय झालं?"

अभ्यासवर्गासाठी

या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात. तिसरी सर्वांत अवघड आहे, तिला जास्त वेळ द्यावा.

आपण राहतो ते घर आणि आपला सत्संग भरतो ते सभागृह कोणत्या भूकंप-क्षेत्रात येते, ते शोधा. डोक्यावर, पलंगाच्या वर, जिन्याच्या तोंडाशी काय जड ठेवले आहे ते पाहा आणि पुढच्या बैठकीपूर्वी हलवा. बाहेर पडण्याचा दरवाजा रात्री कुलूपबंद असेल तर किल्ली कुठे असते, हे घरातल्या सर्वांत लहान मुलाला विचारा.

आपल्या केंद्राने मागच्या वेळी मदत म्हणून जे पाठवले, त्याची यादी काढा. त्यातली कोणती वस्तू घेणाऱ्याने मागितली होती आणि कोणती आपल्याकडे जास्त होती, ते समोर लिहा.

आणि शोकात असलेल्या एखाद्या माणसाला आपण कधी काय बोललो होतो, ते आठवून शब्दशः वहीत लिहा. शक्य असेल तर त्या माणसाकडे जाऊन विचारा, त्याला ते कसे ऐकू आले होते. उत्तर आले तर ऐकून घ्या, तिथेच स्पष्टीकरण देऊ नका. मी हे सहा वर्षांनी केले. मावशींना माझे वाक्य आठवतच नव्हते. त्यांना आठवत होता तो तवा.